हा आवाज कुणाचा?

गाणं आवडलं की आपण मनातल्या मनात कुणाचे तरी आभार मानतो. नाव ठाऊक नसेल तर शोधतो, फोटो बघतो, फॉलो करतो. हे आभार योग्य माणसालाच पोचतात, असं आपण गृहीत धरलेलं असतं. 'ड्रीमलँड' हा अल्बम ऐकताना मात्र ते गृहीत डळमळतं.

१९९० साली आलेला हा अल्बम 'ब्लॅक बॉक्स' या इटालियन ग्रुपचा. दानिएले दावोली, मिर्को लिमोनी आणि व्हालेरिओ सेम्प्लिची हे तिघे पडद्यामागचे निर्माते. संगीताचा प्रकार हाउस.

हाउसचं माहेर शिकागो. तिथल्या 'वेअरहाउस' क्लबात फ्रँकी नकल्स हा डीजे १९७७ पासून रेकॉर्ड वाजवायचा. नाचायला येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यातले पुष्कळ गे. क्लबच्या नावावरूनच 'हाउस' हा शब्द आला, असं मानतात. १९७९ मध्ये याच शहरातल्या बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग स्फोट करून उडवला गेला आणि गर्दीनं जल्लोष केला. क्लबातल्या लोकांनी मात्र डिस्कोचा ठोका ड्रम मशीनवर चढवला आणि त्यावर चर्चच्या गाण्यात तयार झालेला भरदार आवाज ठेवला. यंत्राचा ठोका आणि माणसाचा गळा, या भागीदारीवर हाउस उभं आहे. त्यामुळे इथे आवाज कुणाचा, हा प्रश्न किरकोळ नाही.

'ड्रीमलँड'मधलं सगळ्यात आधी गाजलेलं गाणं 'राइड ऑन टाइम'. १९८९ मध्ये ते ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्या वर्षी तिथे सर्वाधिक खपलेलं सिंगल तेच. त्यातला आवाज लोलिएटा हॉलोवेच्या १९८० च्या 'लव्ह सेन्सेशन'मधून उचललेला होता. मूळ गाण्यातला 'राइट' इटलीत पोचेपर्यंत 'राइड' झाला. टीव्हीवर ओठ हलवत होती कॅट्रिन क्विनॉल ही मॉडेल. प्रकरण वकिलांपर्यंत गेल्यावर हॉलोवेला पैसे मिळाले आणि तो भाग हीदर स्मॉल या गायिकेकडून पुन्हा गाऊन घेण्यात आला. तिचंही नाव आलं नाही.

अल्बममधली बरीचशी गाणी मार्था वॉशनं गायली. ही नवखी गायिका नव्हती. 'इट्स रेनिंग मेन' हे १९८२ चं गाणं गाणाऱ्या 'वेदर गर्ल्स'पैकी ती एक. त्याआधी ती आणि तिची जोडीदार सिल्व्हेस्टर या गायकाच्या मागे गायच्या आणि 'टू टन्स ओ' फन', म्हणजे 'दोन टन मजा', असं नाव लावायच्या. आपल्या देहावरचा विनोद लोकांनी करण्याआधी त्यांनीच करून टाकला होता. वॉशच्या सांगण्यानुसार तिला हे डेमो म्हणून गायला लावलं होतं, पुढे दुसरी कुणी गाणार होती, आणि तिला एकरकमी पैसे मिळाले. अल्बम आला तेव्हा आवाज तिचाच होता, व्हिडिओत मात्र सडपातळ क्विनॉल. अमेरिकेत 'एव्हरीबडी एव्हरीबडी' आणि 'स्ट्राइक इट अप' ही दोन्ही गाणी आठव्या क्रमांकापर्यंत चढली. लोक टाळ्या वाजवत होते, फक्त त्या भलत्याच दिशेला जात होत्या.

त्याच सुमारास 'सी अँड सी म्युझिक फॅक्टरी'चं 'गॉना मेक यू स्वेट' आलं आणि १९९१ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यातली हाकही वॉशची, आणि व्हिडिओत तिच्या जागी झेल्मा डेव्हिस, जी स्वतः गायिका होती. वॉश कोर्टात गेली. एका कंपनीनं तडजोड करून तिला स्वतःच्या अल्बमचा करार दिला. दुसऱ्या तडजोडीनंतर एमटीव्हीवर त्या व्हिडिओसोबत खुलासा आला: गायन मार्था वॉश, 'व्हिज्युअलायझेशन' झेल्मा डेव्हिस. ओठ हलवण्याला इतका भारदस्त शब्द क्वचितच मिळाला असेल.

इथे आपल्याकडचा माणूस म्हणेल, त्यात काय एवढं? पडद्यावर मधुबाला, आवाज लतादीदींचा. आपण तर यावरच वाढलो. खरंय. पण १९४९ च्या 'महल'मधल्या 'आयेगा आनेवाला'ची रेकॉर्ड आली, तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव 'कामिनी' होतं. ते सिनेमातल्या पात्राचं नाव! ऐकणाऱ्यांनी रेडिओकडे विचारणा सुरू केली, ही गाते कोण? मग लता मंगेशकर हे नाव सांगावं लागलं. पुढे फिल्मफेअरचा पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू व्हायला १९५९ उजाडलं. म्हणजे ज्या व्यवस्थेचा आपण दाखला देतो, तीही आपोआप प्रामाणिक झाली नाही. उसना आवाज वाईट नसतो. तो उसना आहे हे सगळ्यांना ठाऊक असलं, की तो एक करार होतो. लपवलं, की त्याची फसवणूक होते.

पण मला एवढ्यावर थांबता येत नाही, कारण हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. मी जाहिरातींच्या जिंगल्समध्ये, मालिकांच्या कोरसमध्ये गाते. तासाभराचं काम, ठरलेले पैसे, नाव कुठेच नाही. याचं मला दुःख आहे का? खरं सांगायचं तर नाही. साबणाच्या जाहिरातीखाली माझं नाव यावं अशी माझी इच्छा नाही. पैसे घेतले, सही केली, विषय संपला. मग वॉशनंही पैसे घेतले होते की! तिचं आणि माझं वेगळं कुठे झालं?

मला वाटतं, फरक इथे आहे. माझ्या आवाजाशेजारी जागा रिकामी आहे. ती कुणी माझ्याऐवजी बळकावलेली नाही. वॉशच्या बाबतीत जागा रिकामी नव्हती, तिथे दुसरं कुणी उभं केलं होतं. निनावी असणं आणि बेदखल होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निनावी माणूस उद्या उठून म्हणू शकतो, 'तो मी होतो.' बेदखल केलेल्यानं तेच म्हटलं, तर तो खोटारडा ठरतो. पैसे श्रमाचे मिळतात. 'हे मी केलं' असं म्हणण्याचा हक्क पाकिटात घालून विकत घेता येत नाही, निदान समोरच्याला न सांगता तरी नाहीच.

निर्मात्यांची बाजूही खोटी नाही. चाल, ठोका, कोणता तुकडा कुठे ठेवायचा याचा कान त्यांचाच. कव्हरवर त्यांचं नाव मोठं असावं, यावर वाद नाही. सगळ्यांचा वाटा सारखा असतो, असंही मी म्हणत नाही. पण लहान वाटा आणि पुसलेला वाटा यांत फरक आहेच. आणि उघडं पडल्यावर मार कुणाला बसतो तेही बघा. नोव्हेंबर १९९० मध्ये 'मिली व्हॅनिली'च्या दोन तरुणांनी स्वतः गायलंच नव्हतं हे कळल्यावर त्यांचा ग्रॅमी काढून घेतला गेला आणि जगानं त्यांची टिंगल केली. ज्यानं हा सगळा घाट घातला तो निर्माता, फ्रँक फारियन, पुढेही काम करत राहिला. चेहरा विकायला सोपा, तसाच दगड मारायलाही.

हा सगळा जुना किस्सा म्हणून सोडून देता आला असता. पण आता आवाज उचलायला गायिकेला स्टुडिओत बोलवावंही लागत नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंगच्या बाजूनं अंतरिम आदेश देताना, एआयच्या साधनांनी परवानगीशिवाय त्याच्या आवाजाची नक्कल करायला मनाई केली. अरिजितचा आवाज आपण झोपेतही ओळखू, म्हणून त्याची चोरी पकडली जाते. जिचा आवाज लाखोंनी ऐकलाय पण नाव एकानंही नाही, ती कोर्टात काय दाखवणार? तिच्याकडे पुरावा एकच, ऐकणाऱ्यांपैकी कुणाला तरी ती ठाऊक असणं.

म्हणून माझ्यासाठी हा प्रश्न कायद्याइतकाच ऐकण्याचाही आहे. 'महल'च्या वेळी लोकांनी नाव विचारलं, तेव्हा 'कामिनी'ची लता झाली. तुमच्या ॲपमध्ये गाण्यापुढे तीन ठिपके असतात. त्यात बहुतेकदा श्रेयनामावली सापडते. कधी अर्धवट, कधी चुकीची. उघडून बघा. जिथे आवाज ऐकू येतोय आणि नाव दिसत नाही, तिथे एवढंच विचारा: ही गाते कोण?