बहुतेक धरेल

२०२० च्या दिवाळीत आमच्या घरात तीन बंदुका होत्या आणि कायद्याने दोनच ठेवता येणार होत्या. शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली होती. आधी एका माणसाला तीन शस्त्रं बाळगता यायची, १४ डिसेंबर २०१९ पासून दोन. तिसरं वर्षभरात जमा करायचं किंवा परवाना असलेल्या दुसऱ्या कुणाला द्यायचं. त्या वर्षातले अकरा महिने अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हा विषयच काढला नाही. मी लॉकडाऊनमुळे पुण्याहून गावी येऊन घरूनच काम करत होते. मेकॅनिकल इंजिनियर आहे, एवढ्या भांडवलावर शेवटी त्यांनी माझ्यासमोर पेटी उघडली. "तूच सांग, यातली मजबूत कुठली. ती ठेवू."

आमचं शेत सोलापूरहून नान्नजकडे जाताना लागतं. माळढोकाच्या अभयारण्याचा परिसर. माळढोक दिसला तर आता बातमी होते, पण काळविटांचे कळप ज्वारीत रोज उतरतात. त्यांना हात लावता येत नाही, नुसता आवाज करून हाकलायचं. त्यासाठी बारा बोअरची दुनळी लागते, ती राहणार हे ठरलेलंच होतं. प्रश्न उरलेल्या दोघींचा. एक सरकारी कारखान्यात बनलेली .३१५ ची रायफल. पोलिसांकडे वर्षानुवर्षं दिसलेल्या थ्री-नॉट-थ्रीची ही सख्खी बहीण. लष्करी काडतूस सामान्य माणसाला ठेवता येत नाही म्हणून वेगळ्या काडतुसासाठी बनवलेली. दुसरी मॉझर, सात मिलिमीटरची. आजोबांनी, आबांनी, ती संस्थानं विलीन झाल्यानंतरच्या काळात कुणाकडून तरी घेतली होती. १९७२ चा वन्यजीव कायदा येईपर्यंत आबा तिने शिकार करत. घरात तिचं नाव नुसतं 'मॉझर' असं कुणी घेत नसे, 'आबांची मॉझर' म्हणत.

मला वाटलं, सोपं आहे. दोन रात्री मोबाइलवर वाचून काढलं. बोल्ट-अ‍ॅक्शन म्हणजे मुळात अडसर. वाड्याच्या दारामागे आडवा लाकडी अडसर असायचा, दोन्ही टोकं भिंतीतल्या खाचांत. रायफलीत काडतुसामागे तसाच पोलादी दांडा असतो. ढकलायचा, फिरवायचा, त्याचे दात खाचांत बसतात. गोळी सुटते त्या क्षणी आत दर चौरस इंचाला पन्नास हजार पौंडांच्या आसपास दाब येतो. मोटारीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस असतो. तेवढा दाब मागे यायला बघत असतो आणि मागे बरोब्बर तुमचा उजवा डोळा असतो. मधे फक्त अडसर.

मॉझरने १८९८ च्या नमुन्यात दोन जाड दात पुढे, काडतुसाला लागूनच ठेवले आणि ते तुटलेच तर म्हणून मागे तिसरा. काडतूस फाटलं तर वायू बाजूला निघून जावा म्हणून दांड्याला भोकंही ठेवली. इंग्रज बंदूकवाल्यांनी याच यंत्रावर शिकारीच्या रायफली बांधल्या. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ साली जिम कॉर्बेटला भेट मिळालेली रायफल त्यातलीच. थ्री-नॉट-थ्रीच्या घराण्यात दात मागच्या बाजूला असतात, त्यामुळे दाबाखाली दांडा किंचित आखडतो. पण .३१५ च्या काडतुसाचा जोरही कमी. ते यंत्र त्याला पुरून उरतं. म्हणजे कागदावर मॉझर जिंकली. अण्णांना हेच ऐकायचं होतं.

पण वाचता वाचता मी एका भलत्याच गोष्टीत अडकले. अमेरिकन सैन्याची १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल मॉझरवरूनच घेतलेली, इतकी की त्यासाठी मॉझर कंपनीला पैसे मोजावे लागले. १९१७ मध्ये त्यातल्या काही फुटल्या. शोध घेतला तेव्हा कळलं, पोलाद किती तापलंय हे भट्टीवरचे कारागीर डोळ्यांनी, रंगावरून ठरवत होते. ढगाळ दिवशी रंग एक दिसे, लख्ख उन्हात दुसरा. उन्हात लालभडक पोलादही निस्तेज दिसतं, म्हणून ते आणखी तापवलं जाई. आमच्या गावचा लोहार कोयत्याला पाणी द्यायचा ते अंधाऱ्या छपराखाली, दार लोटून. लहानपणी आम्हाला वाटायचं, तो काहीतरी लपवतोय.

जास्त तापलेलं पोलाद मऊ पडत नाही, कडक होतं. कडक आणि काचेसारखं ठिसूळ. चांगलं पोलाद अतिदाबाखाली थोडं ताणतं, सूचना देतं. हे देत नाही. आणि या सगळ्या रायफली कारखान्यातून निघताना जास्त दाबाचं काडतूस उडवून तपासलेल्या होत्या, पास झालेल्या होत्या. पुढे उष्णतेची प्रक्रिया बदलली आणि आठ लाखांच्या आतले क्रमांक संशयित ठरले. सैन्याने त्या सगळ्या लगेच भंगारात काढल्या का? नाही. बऱ्याच वर्षानुवर्षं सैनिकांच्या हातात राहिल्या. लाखो रायफली, फुटलेल्या मोजक्या. हिशेब बघितला तर चूक म्हणता येत नाही. फक्त हिशेब करणाऱ्याचा गाल त्या रायफलीला टेकलेला नव्हता.

सोलापुरात बंदुका दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा आहेत, आबांच्या ओळखीचे. दोन्ही रायफली त्यांच्याकडे नेल्या. त्यांनी आधी .३१५ पाहिली, मापाचा तुकडा घालून बोल्ट बंद केला, "ठीक आहे" म्हणाले. मग मॉझर. बोल्ट बाहेर काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोल्ट माझ्या हातात दिला. "बेटी, नंबर वाच." मुठीखालचा नंबर वेगळा होता, सांगाड्यावरचा वेगळा.

म्हणजे बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा. कधी, कुणी बदलला कोण जाणे. तो बसतो, फिरतो, काही अडत नाही. पण काडतुसाच्या बुडामागे फट किती राहते, दोन्ही दात सारखे टेकतात की एकच सगळा भार घेतो, हे मापाशिवाय कळत नाही. सात मिलिमीटरचं माप चाचांकडे नव्हतं. "बहुतेक धरेल," ते म्हणाले. "पण मी लिहून देणार नाही."

अण्णा परत येताना गाडीत चिडलेले. "आबांनी हिने किती गोळ्या झाडल्या असतील! आजवर काही झालं नाही." हे वाक्य आपण किती ठिकाणी ऐकतो. गच्चीवरून गेलेली वायर, ब्रेक न लागणारी ट्रॉली, खचलेला पूल. आजवर काही झालं नाही हे खरंच असतं. ज्यांच्या बाबतीत झालं ते हे वाक्य बोलायला शिल्लक नसतात, म्हणून ते सतत खरं राहतं.

.३१५ ठेवायची ठरली. मग मॉझरचं काय? एक गिऱ्हाईक चालून आलं. परवाना असलेले, पुण्याकडचे, जुन्या रायफलींचे हौशी. फोटो पाहून त्यांनी सांगितलेली किंमत ऐकून अण्णा खुर्चीत सरळ बसले. त्या वर्षी बाजार बंद असल्यामुळे कांद्यात मार खाल्ला होता, बँकेचा हप्ता तोंडावर होता. ते पैसे चैनीचे नव्हते.

"बोल्टचं सांगायचं," मी म्हटलं.

"त्यांनी विचारलं तर सांगू. हौशी माणूस आहे, त्याला कळत नसेल? आणि चाचाही बहुतेक धरेलच म्हणाले ना."

मी दोन दिवस यावर विचार करत होते आणि अण्णांचं म्हणणं मला सहज खोडता येत नव्हतं. ते खोटं बोलत नव्हते. धोका मोठाही नसावा. असे बदललेले बोल्ट कितीतरी रायफलींत नीट चालतात. घेणारा अडाणी नव्हता. पण एक गोष्ट टोचत राहिली. 'बहुतेक' आम्ही स्वतःसाठी पुरेसं मानलं नव्हतं. मॉझर आम्ही नाकारली होती ती त्याच एका शब्दामुळे. आता तोच शब्द आम्ही दुसऱ्याला पूर्ण किमतीत विकणार होतो, न उच्चारता. आबांनी धोका पत्करला असेल तर तो स्वतःच्या गालाशी पत्करला, आणि तोही कदाचित नकळत. कळल्यावर गप्प राहण्याची सोय त्यांना नव्हती, आम्हाला होती.

(माझी धाकटी बहीण मधेच म्हणाली, "तुम्ही दोघं सारखं मागच्या माणसाचं बोलताय. नळीच्या पुढे उभ्या असलेल्या काळविटाचं काय?" खरंच, मजबुतीच्या त्या सगळ्या लिखाणात पुढचा कुठेच नव्हता. मला उत्तर सुचलं नाही. अण्णा उठून गोठ्यात गेले.)

शेवटी फोन मीच केला. गृहस्थ शांतपणे ऐकून घेत म्हणाले, कळवतो. कळवलं नाही. अण्णा चार दिवस माझ्याशी मोजकंच बोलले, आणि हप्ता आईची पाटली गहाण ठेवून भरला. त्या पाटल्या मी आईच्या हातात जन्मापासून पाहत आले होते. एकीचं ओझं गेल्यावर तिचा उजवा हात वेगळाच दिसायचा. खरं बोलण्याची किंमत मी दिली नव्हती, ती तिने दिली. मला हे अजून नीट गिळता आलेलं नाही.

डिसेंबर उजाडला तो बिबट्या घेऊन. करमाळा तालुक्यात त्याने काही दिवसांत तीन माणसं मारली. आमच्यापासून ते बरंच लांब, तरी आमच्याकडेही लोक तिन्हीसांजेला दारं लावून घ्यायला लागले. "अशा वेळी रायफल जमा करायची?" अण्णा म्हणाले. वनखात्याच्या हुकमाशिवाय बिबट्यावर कुणाला गोळी झाडता येत नाही, हे त्यांना माहीत होतं, मलाही. १८ तारखेला तसा हुकूम हातात असलेल्यांनीच त्याला वांगी परिसरात मारलं. पण तोवर मुदत संपणार होती.

आम्ही शेवटच्या आठवड्यात पोलीस ठाण्यात गेलो. तिथेही सगळे बिबट्याचंच बोलत होते. मास्क हनुवटीवर ओढलेल्या हवालदारांनी रायफल टेबलावर आडवी ठेवली, परवान्यावरचा नंबर सांगाड्याशी ताडून पाहिला, मग बोल्ट उचलला आणि थांबले.

"काका, यावर दुसराच नंबर आहे. पावतीवर कुठला लिहू?"

मी अण्णांकडे पाहिलं. ते क्षणभर टेबलावरच्या मॉझरकडे बघत राहिले.

"दोन्ही लिहा," ते म्हणाले.