सोयरा साक्षीदार

बी. आर. चोप्रा यांचा १९६० सालचा ‘कानून’ हा चित्रपट आजही मुख्यतः ‘एकही गाणे नसलेला हिंदी चित्रपट’ म्हणून सांगितला जातो, आणि त्या धाडसाचे कौतुक करण्याच्या भरात त्याच्या मध्यवर्ती पेचाकडे बरेचसे दुर्लक्ष होते. सावकार धनीरामकडे न्यायाधीश बद्रीप्रसाद यांच्या मुलाने सही करून दिलेला कागद अडकलेला असतो. तो सोडवण्यासाठी न्यायाधीशांची मुलगी मीना आपला वाग्दत्त वर, वकील कैलास, याला सावकाराकडे धाडते. आणि तिथे आडोशाला उभा असलेला कैलास, ज्यांना गुरू मानले त्या भावी सासऱ्यांनाच खून करताना पाहतो. पकडला मात्र जातो तो मागाहून चोरीसाठी शिरलेला कालिया, आणि त्याचा खटला चालतो तो बद्रीप्रसादांपुढेच. स्वतःच्या प्रकरणात कोणी स्वतः न्यायाधीश असू नये, हे नैसर्गिक न्यायाचे, म्हणजे लिखित कायद्याच्याही आधी गृहीत धरलेल्या किमान न्याय्यतेचे, पहिले तत्त्व येथे उलटे टांगलेले दिसते.

कैलास कालियाचे वकीलपत्र घेतो. पण त्याची खरी अडचण वकिलाची नसून सोयऱ्याची आहे, आणि ती मुंबईच्या दिवाणखान्यापेक्षा बुलढाणा जिल्ह्यातल्या डोणगावसारख्या गावात अधिक सहज समजते. धुऱ्याच्या वादातून हाणामारी झाली, तर ती पाहणारा बहुधा भावकीतला, सोयरिकीतला किंवा शेजारच्या वावरातला असतो. त्याने साक्ष दिली तर सण-समारंभातली ये-जा तुटते, आणि दिली नाही तर उलटतपासणीच्या आधीच तो फितूर ठरतो, म्हणजे पोलिसांपुढे सांगितलेले न्यायालयात नाकारतो.

नातेवाइकाच्या साक्षीबद्दल कायद्याची भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली दलीपसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात मांडली. नातेवाईक आहे एवढ्यावरून साक्षीदार अविश्वसनीय ठरत नाही. उलट, खऱ्या गुन्हेगाराला वाचवून निरपराध्याला गोवण्याचे काम जवळचा नातलग सहसा करणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. तो लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, आणि बुलढाणा जिल्हा त्या काळी त्याच न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात होता. हा निकाल मृताच्या नातलगाविषयी बोलतो. आरोपीच्या जागी स्वतःचाच माणूस उभा करावा लागणाऱ्या नातलगाचे काय, हा प्रश्न मात्र कायद्याच्या पुस्तकात क्वचितच येतो. ‘कानून’ त्याला हात घालतो, आणि हेच त्याचे मोठेपण.

हात घालतो आणि ऐन वेळी काढूनही घेतो. खुनी हा बद्रीप्रसादांसारखा हुबेहूब दिसणारा दुसराच माणूस निघतो. त्यामुळे कैलासने डोळ्यांनी पाहिलेले खरे असूनही त्याचा निष्कर्ष चुकीचा ठरतो. प्रत्यक्षदर्शी पुरावाही फसवू शकतो, हे सांगण्यासाठी ही युक्ती उपयोगी पडते, विशेषतः एकाच साक्षीदाराच्या भरवशावरही दोषसिद्धी होऊ शकते असे तेव्हा लागू असलेला १८७२ चा पुरावा कायदा मानत असताना. परंतु तिच्यामुळे घराणे बचावते, सोयरीक टिकते आणि सत्य सांगण्याची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही. सहा दशकांनंतर पाहताना हा तोतया सर्वांत जुना वाटतो.

जुने वाटत नाहीत ते नाना पळशीकर. कालिया झालेल्या पळशीकरांना या कामासाठी सहायक अभिनेत्याचे ‘फिल्मफेअर’ मिळाले. आरोपीच्या पिंजऱ्यातला हा खंगलेला भुरटा चोर चोरी नाकारत नाही, फक्त खून नाकारतो. आणि चारी बाजूंनी इंग्रजी वळणाची कायद्याची भाषा चालली असताना तो पोटाच्या भाषेत बोलत राहतो. त्याच्यासाठी कोणी नातलग साक्षीला येत नाही. तेव्हाच्या कायद्याने त्याचा धोका खरा होता: खुनाला फाशी न देण्याची कारणे नोंदवण्याचे बंधन १९५५ च्या दुरुस्तीने काढले होते, पण फाशी देण्यासाठी खास कारणे लिहिण्याची सक्ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतच आली. मधल्या त्या वर्षांत कालियासारख्याचा जीव न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवलेला होता, आणि चित्रपटात तो विवेक ज्याचा, त्याच्यावरच संशय आहे.