शहिदांचा खरा सन्मान

अल्लाहच्या नावाने, जो अत्यंत कृपाळू व दयावान आहे.



देशाच्या रक्षणात एखादा जवान प्राण अर्पण करतो, तेव्हा तिरंग्यात लपेटलेली शवपेटी त्याच्या गावी येते. ओळखीचे-अनोळखी हजारो लोक गोळा होतात. फलक लागतात, घोषणा होतात, चौकाला त्याचे नाव देण्याची मागणी पुढे येते. यात सद्भावना असते आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु गर्दी ओसरल्यावर, सहाव्या महिन्यात, पाचव्या वर्षी त्या घराचे दार कोण ठोठावतो? विधवा पत्नीची, पोरक्या झालेल्या मुलांची, वृद्ध आईवडिलांची विचारपूस कोण करतो? शहिदाचा सन्मान खऱ्या अर्थाने तेथून सुरू होतो. ही शिकवण आपल्याला पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या आचरणातून मिळते.

हिजरी सन 8 मध्ये, म्हणजे इ.स. 629 मध्ये, मूता येथे मोठा संग्राम झाला. हे ठिकाण आजच्या जॉर्डनमध्ये आहे. सुमारे 3,000 मुस्लिमांचे सैन्य त्याहून कितीतरी मोठ्या सैन्याला सामोरे गेले होते. ह. जैद बिन हारिसा, ह. जाफर बिन अबू तालिब आणि ह. अब्दुल्लाह बिन रवाहा (रजि.) हे तिन्ही सेनानायक एकापाठोपाठ एक शहीद झाले. ह. जाफर (रजि.) हे पैगंबर (स.) यांचे चुलत बंधू होते. अनेक वर्षे हबशात निर्वासिताचे जीवन कंठून ते आदल्याच वर्षी मदीनेत परतले होते. त्यांच्या देहावर पन्नासहून अधिक जखमा आढळल्या आणि त्यांतील एकही पाठीवर नव्हती, असे ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्याकडून वर्णिलेले आहे.

वार्ता मदीनेत पोहोचली तेव्हा त्या घरी काय चालले होते? ह. जाफर (रजि.) यांच्या पत्नी ह. असमा बिन्ते उमैस (रजि.) यांनी पीठ मळून ठेवले होते. मुलांना न्हाऊ घालून, तेल लावून तयार केले होते. पैगंबर (स.) आले, त्यांनी मुलांना जवळ बोलावले, त्यांना कुरवाळले आणि त्यांचे डोळे भरून आले. ह. असमा (रजि.) सर्व काही समजल्या.

यानंतर पैगंबर (स.) यांनी जे केले ते आपण क्रमाने पाहिले पाहिजे. प्रथम ते रडले. शहिदाच्या घरी अश्रू ढाळणे हा ईमानचा दुबळेपणा नव्हे. त्यानंतर त्यांनी आपल्या कुटुंबीयांना सांगितले की, जाफरच्या घरी जेवण तयार करून पाठवा, कारण त्यांच्यावर असा प्रसंग ओढवला आहे की त्यांना दुसरे काही सुचणार नाही. शहिदाच्या सन्मानार्थ दिलेली ही पहिली आज्ञा होती आणि ती स्वयंपाकघराला दिलेली होती.

येथे थोडे थांबून आपण आपल्या मोहल्ल्यांकडे पाहावे. आपल्याकडे पुष्कळदा याच्या उलट घडते. ज्या घरावर दुःख कोसळले त्याच घराने मांडव घालावा, देग चढवावी आणि ताजियतसाठी आलेल्यांना जेवू घालावे, अशी अपेक्षा केली जाते. तिसऱ्या आणि चाळिसाव्या दिवसाचा खर्च उधारीवर होतो. ज्या घरी अन्न पोहोचवायचे त्याच घरचे अन्न आपण खाऊन येतो. ह. जाफर (रजि.) यांच्या घरी मळून ठेवलेल्या त्या पिठाची आठवण ठेवली, तर ही रीत बदलणे आपल्याला अवघड जाऊ नये.

तीन दिवसांनंतर पैगंबर (स.) पुन्हा त्या घरी गेले. आजनंतर माझ्या भावासाठी रडू नका, असे त्यांनी समजावले आणि मुलांना बोलावून घेतले. न्हाव्याला बोलावून त्यांचे केस काढवले. एक मुलगा आजोबा अबू तालिब यांच्यासारखा दिसतो, दुसरा रूपाने व स्वभावाने माझ्यासारखा आहे, असे म्हणून त्यांनी मुलांचे मन सावरले. लहानग्या अब्दुल्लाहचा हात हातात घेऊन त्याच्या व्यवहारात बरकत व्हावी, अशी दुआ केली. आईने मुलांच्या पोरकेपणाचा विषय काढला तेव्हा त्यांनी विचारले की, इहलोकी व परलोकी मी त्यांचा पालक असताना तुला त्यांच्या दारिद्र्याची भीती वाटते काय? हेच ह. अब्दुल्लाह बिन जाफर (रजि.) पुढे औदार्यासाठी अरबस्तानात नावाजले गेले. ज्या पोरक्या मुलाचा हात वेळेवर धरला गेला, त्याचा हात पुढे इतरांना देणारा झाला.

वाचकहो, शहिदामागे केवळ दुःख उरत नाही. कर्ज उरते, मालमत्ता उरते, हक्क उरतात. शहीद होण्याने मनुष्याची पापे माफ होतात, परंतु कर्ज माफ होत नाही, असे सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये स्पष्ट आहे. उहुदच्या युद्धाच्या आदल्या रात्री ह. अब्दुल्लाह बिन अम्र बिन हराम (रजि.) यांनी पुत्र ह. जाबिर (रजि.) यांना जवळ बोलावले. उद्या प्रारंभीच मी कामी येईन असे वाटते, माझ्यावर कर्ज आहे ते फेड आणि आपल्या बहिणींशी चांगले वाग, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी तसेच झाले. पुढे खजुराच्या हंगामात धनको सूट देईनात, तेव्हा पैगंबर (स.) स्वतः खजुरांच्या ढिगाजवळ बसले आणि माप घालून एकेकाचे देणे चुकते करवले. अल्लाहने अशी बरकत दिली की सर्वांचे देणे फिटूनही खजूर शिल्लक राहिले.

ह. जाबिर (रजि.) यांनी विवाह केला तो वयाने जाणत्या, पूर्वी विवाह झालेल्या स्त्रीशी. तरुण कुमारिकेशी का नाही केला, असे पैगंबर (स.) यांनी विचारले. वडील लहान मुली मागे ठेवून शहीद झाले, त्यांची वेणीफणी करील, त्यांना सांभाळील अशी स्त्री मला घरात हवी होती, असे त्यांनी उत्तर दिले. पैगंबर (स.) यांना ते आवडले. शहीद पित्याचे स्मारक त्या पुत्राने असे उभारले.

उहुदमध्येच ह. साद बिन रबी (रजि.) शहीद झाले. त्यांची पत्नी दोन मुलींना घेऊन पैगंबर (स.) यांच्याकडे आली. मुलींचा बाप आपल्याबरोबर लढताना शहीद झाला आणि चुलत्याने सर्व मालमत्ता ताब्यात घेतली, मालमत्तेवाचून यांचे विवाह कसे व्हायचे, अशी तिची तक्रार होती. अल्लाह याचा निर्णय करील, असे तिला सांगण्यात आले. मग वारसाहक्काची आयत अवतरली. पैगंबर (स.) यांनी त्या चुलत्याला बोलावून दोन्ही मुलींना मिळून दोन तृतीयांश व त्यांच्या आईला एक अष्टमांश देण्यास सांगितले आणि जे उरेल ते त्याला घेण्यास सांगितले. सूरह अन्-निसामधील जो वारसा-कायदा आपण आज वाचतो, त्याच्या पार्श्वभूमीवर एका शहिदाच्या विधवेची तक्रार आहे, हे आपण विसरू नये.

ही तक्रार आजही मिटलेली नाही. जवानाच्या मृत्यूनंतर येणारी रक्कम कोणाच्या खात्यात जावी यावरून घरे दुभंगतात. कोठे सुनेला माहेरी धाडले जाते, तर कोठे वृद्ध आईवडिलांना वाऱ्यावर सोडले जाते. कोठे पैसा घरातच राहावा म्हणून विधवेला तिच्या मनाविरुद्ध दिराशी निकाह करण्यास भाग पाडले जाते. सूरह अन्-निसाच्या 19व्या आयतीत स्त्रियांचे बळजबरीने वारस बनण्यास मनाई आहे आणि 10व्या आयतीत अनाथांचा माल अन्यायाने खाणाऱ्यांना अग्नीची ताकीद दिलेली आहे. शहिदाच्या तसबिरीला सलाम करायचा आणि त्याच्या मुलीचा हिस्सा दाबायचा, असा सन्मान अल्लाहच्या दरबारी काय मोलाचा ठरेल?

म्हणून क्रम ध्यानात ठेवावा. मृताच्या मालमत्तेतून कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत आणि त्यानंतर वारसांचे हिस्से. पत्नीचा मेहर देणे राहिला असेल तर तेही कर्जच आहे. अपत्य असल्यास पत्नीचा हिस्सा एक अष्टमांश, नसल्यास एक चतुर्थांश. अपत्य असता आईला व वडिलांना प्रत्येकी एक षष्ठांश. कुटुंब निवृत्तिवेतन व शासनाने विशिष्ट व्यक्तीच्या नावाने दिलेली रक्कम यांचे नियम मृताच्या स्वतःच्या बचतीहून वेगळे असू शकतात. यासाठी जाणकार आलिमांचा सल्ला भांडण होण्याआधी घ्यावा.

आणखी एका गोष्टीबद्दल आपल्या समाजात संकोच आहे. शहिदाच्या पत्नीने पुन्हा निकाह केला तर शहिदाचा अवमान होतो, असे काहींना वाटते. ह. असमा (रजि.) यांनी ह. जाफर (रजि.) यांच्यानंतर ह. अबू बकर (रजि.) यांच्याशी विवाह केला आणि त्यांच्या निधनानंतर ह. जाफर यांचेच बंधू ह. अली (रजि.) यांच्याशी. उहुदच्या जखमेने ह. अबू सलमा (रजि.) यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी ह. उम्मे सलमा (रजि.) यांच्याशी स्वतः पैगंबर (स.) यांनी विवाह केला आणि त्यांच्या मुलांना आपल्या छायेत घेतले. चार महिने दहा दिवसांची, आणि गर्भवती असल्यास प्रसूतीपर्यंतची इद्दत पूर्ण झाल्यावर निर्णय त्या स्त्रीचा आहे. तिने निकाह करावा म्हणून दबाव नको आणि करू नये म्हणूनही नको.

आपल्या देशाच्या इतिहासातील एक उदाहरण पाहा. 10 सप्टेंबर 1965 रोजी खेमकरण क्षेत्रात 4 ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरील तोफेने शत्रूचे रणगाडे उद्ध्वस्त करीत प्राण अर्पण केले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. हे नाव आपल्या मुलांना ठाऊक असते. परंतु त्यांच्या पत्नी रसूलन बीबी त्यांच्यामागे 2019 पर्यंत जगल्या, हे किती जणांना ठाऊक आहे? पतीची रणांगणावरील झुंज आटोपली, पत्नीला त्यानंतर 54 वर्षे काढायची होती. आपण ती झुंज आठवतो. ज्या समाजाला सन्मान करायचा आहे, त्याने ती 54 वर्षेही आठवली पाहिजेत.

कोण शहीद ठरेल, कोणाची नियत कशी होती, याचा निर्णय अल्लाहकडे आहे. शूर म्हणवून घेण्यासाठी लढलेल्याचा हिशेब कयामतच्या दिवशी प्रथम होणाऱ्यांमध्ये असेल, असा इशारा हदीसमध्ये आहे. म्हणून आपण मृतासाठी क्षमेची व उच्च दर्जाची दुआ करतो, निवाडे करीत बसत नाही. परंतु त्याच्या घरच्यांचा सांभाळ करणे यासाठी कोणत्याही निवाड्याची वाट पाहावी लागत नाही. जो मोहिमेवर गेलेल्याच्या घराची उत्तम देखभाल करतो तोही जणू मोहिमेत सहभागी झाला, असा हदीसचा आशय आहे. ज्याला सीमेवर जाता आले नाही, त्याच्यासाठी हे दार उघडे आहे.

मग आपण काय करावे? पहिल्या तीन दिवसांत त्या घरी अन्न पोहोचवावे. कर्जाची व मेहरची विचारणा करून ते फिटेल अशी व्यवस्था करावी. निवृत्तिवेतनाचे व शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्यासाठी घरातील एखाद्या जबाबदार पुरुषाने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात खेटे घालावेत. विधवेला स्वतःच जावे लागले तर अत्यावश्यक कामासाठी इद्दतीतही दिवसा बाहेर पडण्यास शरीअतमध्ये वाव आहे, हे तिला सांगावे. एका मुलाच्या शिक्षणाचा भार एका कुटुंबाने उचलावा आणि त्याची वाच्यता करू नये. दरवर्षी 7 डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनी, आपल्या मुलांच्या हातून निधी द्यावा आणि तो कोणासाठी आहे हे त्यांना समजावून सांगावे. ईदच्या दिवशी नमाजनंतर पहिली भेट त्या घरी द्यावी. पैगंबर (स.) यांनी उहुदच्या शहिदांसाठी आठ वर्षांनंतरही दुआ केली होती. आपली आठवण आठ महिने तरी टिकते का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

हे अल्लाह! ज्यांनी इतरांच्या रक्षणात प्राण दिले त्यांना क्षमा कर व त्यांचे दर्जे उंच कर. त्यांच्या आईवडिलांना सब्र दे, त्यांच्या मुलांचा तू पालक हो आणि त्यांच्या घरापर्यंत चालत जाण्याची बुद्धी व शक्ती आम्हाला दे. आमीन.