कुणाच्या रानात?

छोट्या विमानाने देशाच्या आरपार जायचं, संध्याकाळी एखाद्या आडबाजूच्या धावपट्टीवर उतरायचं, पंखाखाली तंबू ठोकायचा आणि सकाळी काचेवरचं दव पुसून पुन्हा उडायचं. हा बेत बरीच वर्षं डोक्यात होता, आता कागदावर उतरू लागलाय. विमान भाड्याचं, परवाना खासगी वैमानिकाचा, म्हणजे हौसेचा. सोबत एक मित्र. निघायचं बारामतीहून, कारण माझं गाव इंदापूर तालुक्यात आहे आणि सुरुवात तरी ओळखीच्या जमिनीवरून व्हावी असं वाटतं. पैसे अजून भरलेले नाहीत. तोवर मनाला चार प्रश्न विचारून घ्यावेत. एकदा पैसे भरले की मन वकिलासारखं बोलायला लागतं.

पहिला प्रश्न एकांताचा. मित्राला मी सांगतो की मला गर्दीपासून लांब जायचंय. मार्ग आखलाय तो बारामती, धाराशिव, लातूर, नांदेड, यवतमाळ आणि मग गोंदियाजवळचं बिरसी, जिथली धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. पुढचं पुढे. आपल्याकडे नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या विमानाला सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी जमिनीवर असावंच लागतं, ते सूर्योदयाआधी वीस मिनिटांपर्यंत. त्यामुळे रात्रीचा मुक्काम आपोआपच येतो. पण त्या मुक्कामासाठी लागतं काय? उड्डाणाचा आराखडा, हवाई संरक्षणाचा परवानगी क्रमांक, धावपट्टी चालवणाऱ्यांची लेखी मंजुरी, पोलीस ठाण्यात वर्दी. बहुतेक छोट्या पट्ट्यांवर आमच्या इंजिनाचं इंधन मिळत नाही, म्हणून कुणीतरी टेम्पोत पिंप घालून आधी पोचायचं. रखवालदाराने रात्री जागायचं. भाकरी कुठून तरी यायची. म्हणजे मला एकटं वाटावं म्हणून वाटेवर किती माणसं राबणार, याचा मी हिशेबच केला नव्हता. वजनाचा मात्र ग्रॅमपर्यंत केला होता. सेसना १७२ ची टाकी भरली की दोन माणसं, तंबू, पाणी आणि अवजारं यांना जेमतेम अडीचशे किलो उरतात. त्या तक्त्यात रखवालदार कुठेच नव्हता.

हे खटकलं, पण त्यावर तोडगा आहे. माणसांना नीट पैसे देता येतात, विचारून जाता येतं. दुसरा प्रश्न इतका सरळ नाही, आणि तो माझ्या मनातून आलेला नाही. तो तात्यांनी विचारला. तात्या माझे चुलते. त्यांनी सगळा बेत ऐकून घेतला, नकाशा मोबाइलवर बोटाने मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "ते समदं खरं. पर इंजान बंद पडलं तर उतारणार कुणाच्या रानात?"

इंजिन बंद पडलं तर कुठे उतरायचं, हे वैमानिकाला अगदी सुरुवातीपासून शिकवतात. उडताना नजर सतत खाली एखादं सपाट, मोकळं रान शोधत असते. मीही नकाशावर तशा खुणा केल्या होत्या. आमच्या भागात ही निवड कालव्याने सोपी करून ठेवलीय. नीरेचा डावा कालवा १८८५ पासून वाहतोय. त्याच्या खाली, नदीच्या अंगाला, बागायत: ऊस, विहिरी, विजेच्या तारा. उंच उसात विमान उतरवलं तर ते कोलांटी खाण्याची भीती. कालव्याच्या वर जिरायत पट्टा, आणि उडायला सगळ्यात चांगली हवा डिसेंबर ते फेब्रुवारी. नेमक्या त्याच दिवसांत जिरायतीत शाळू उभा असतो. एका खेपेच्या पावसावर आणि जमिनीतल्या ओलीवर आलेली ज्वारी, आणि तिच्यावर जनावरांचा वर्षाचा कडबा. माझ्या खुणा त्यावर होत्या. मी त्यांना 'मोकळी जागा' म्हणत होतो.

मग उरतो माळ. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचा गवताळ माळ आहे. चिंकारा, लांडगा, खोकड यांचं घर. डिसेंबरात वरून तो रिकामा दिसेल. कारण खरीप उरकल्यावर धनगरांचे वाडे मेंढरं घेऊन पश्चिमेला, कोकणाकडे गेलेले असतात आणि पाऊस लागायच्या सुमारास परततात. घोड्यावर बिऱ्हाड, रात्री वाघर लावून मेंढरं कोंडायची, ज्याच्या रानात बसवली त्याच्याकडून धान्य किंवा पैसे घ्यायचे. उघड्यावर मुक्काम करत शेकडो किलोमीटर जाण्याची रीत या तालुक्यांत कधीची आहे, आणि तिच्यात प्रत्येक मुक्काम कुणाला तरी विचारून होतो. मी ज्याला साहस म्हणतोय ते ती माणसं म्हातारी आणि लेकरं बरोबर घेऊन करतात. ते गेले म्हणून माळ कुणाचा नाही, असं मला हवेतून वाटणार होतं.

कडबनवाडीच्या शिवारात २५ जुलै २०२२ ला खरोखरच एक विमान पडलं. बारामतीहून निघालेलं छोटं प्रशिक्षण विमान, आत एकटी शिकाऊ मुलगी, बावीस वर्षांची. किरकोळ जखमांवर निभावलं. गावकरी धावले, तिला सावरलं. त्यानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीच्या धावपट्टीजवळ चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानांना अपघात झाले, एक कटफळजवळ आणि एक गोजुबावीजवळ. ही गावं पट्टीच्या शेजारची. तिथल्या माणसांच्या डोक्यावरून सकाळपासून शिकाऊ विमानं घिरट्या घालतात.

इथे मन लगेच वकिली करतं: ती मुलं उडतात तर मी का नको? पण त्यांची गोष्ट वेगळी आहे. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तास उडावं लागतं, त्यात एक फेरी तीनशे सागरी मैलांची, म्हणजे सुमारे साडेपाचशे किलोमीटरची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. घरच्यांनी कर्ज काढून शिकवलेल्या मुलीला ती फेरी टाळता येत नाही. मला माझी सगळीच सहल टाळता येते. धोका दोघांचा सारखा दिसतो, पण खालच्या शेतकऱ्याने तो का सोसायचा, याचं उत्तर तिच्याकडे आहे. माझ्याकडे 'मला आवडतं' एवढंच.

दुसरी पळवाट म्हणजे मोठी नावं पुढे करायची. मुंबईच्या आरोही पंडितने मे २०१९ मध्ये हलक्या क्रीडा विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला, स्कॉटलंडहून आइसलंड, ग्रीनलंड करत कॅनडापर्यंत. तिचा दाखला मी घरी अनेकदा दिलाय. पण तिच्या खाली समुद्र होता. बिघाड झाला असता तर बुडाली असती ती. कुणाची ज्वारी मोडली नसती.

आणि बिघाड झालाच नाही, सगळं सुरळीत पार पडलं, तरी खाली काहीतरी पडत राहणारच. आमच्या इंजिनाचं पेट्रोल अजून शिसंयुक्त आहे. प्रमाणित मर्यादा लिटरला ०.५६ ग्रॅम शिशाची. तासाला पस्तीस लिटर धरलं तर मर्यादेपर्यंत वीसएक ग्रॅम शिसं तासागणिक हवेत. मोटारींच्या पेट्रोलमधून आपण ते २००० साली काढलं, लेकरांच्या मेंदूला घातक म्हणून. विमानाच्या पेट्रोलमध्ये राहिलं, कारण उडणारे थोडे. मीही त्या थोड्यांतला. एका सहलीने कुणी आजारी पडणार नाही, हे खरं. पण 'एकट्याने काय होतं' हे वाक्य मी उसाच्या फडाला काडी लावून पाचट जाळणाऱ्याच्या तोंडून ऐकलं की चिडतो.

फोटोचाही प्रश्न आहे. तंबू, पंख, मागे उगवतीचा रंग. हा फोटो मनात आधीच काढून झालाय. जानेवारीत भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित उतरलेले असतात. वरून तो गुलाबी थवा कसा दिसेल, म्हणून एक खालची फेरी मी आराखड्यात घातली होती. थवा उठला तर पक्ष्यांना त्रास आणि विमानालाही धोका, हे कळत असूनही घातली होती. आता खोडलीय. खोडताना वाईट वाटलं ते फोटोसाठी. पक्ष्यांचं मनात नंतर आलं. कॅमेरा न्यायचाच नाही असं ठरलं तर जाशील का, असं स्वतःला विचारलं, तेव्हा 'हो' यायला वेळ लागला. आलं, पण वेळ लागला.

मित्राला हा सगळा कीस आवडलेला नाही. तो म्हणतो, अमेरिकेत आयडाहोला जाऊ, तिथलं विमान भाड्याने घेऊ. जॉन्सन क्रीकच्या गवती धावपट्टीवर लोक विमानाशेजारी तंबू ठोकून राहतात. पलीकडे तेवीस लाख एकरांहून मोठं राखीव रान, आणि १९८० च्या कायद्याने आतल्या जुन्या धावपट्ट्याही चालू ठेवल्यात. ज्वारी नाही, तारा नाहीत, पोलीस ठाण्यात वर्दी नाही. ऐकताना हायसं वाटलं आणि ते का वाटलं हेही कळलं. तिथे विचारणारे तात्या नाहीत. पण ते रान निर्मनुष्य झालं कसं, हे वाचल्यावर तेही हायसं राहिलं नाही. त्या डोंगरांत तुकुदिका लोक राहत होते, जंगली मेंढ्यांची शिकार करून जगणारे. १८७९ मध्ये अमेरिकी सैन्याने मोहीम काढून त्यांना तिथून हलवलं.

मित्राला सांगितलंय की आयडाहो नको. गेलो तर बारामतीहून, आणि तेही शाळू निघाल्यावर, मार्च उजाडला तरी चालेल. ऊन सोसू, धुरळा सोसू. विमा कंपनीला विचारलंय, तिऱ्हाइताच्या नुकसानीत उभं पीक धरता का. उत्तर आलं की तात्यांना वाचून दाखवणार. ते 'जा' म्हणतील असं नाही, आणि ते नाही म्हणाले तर मी थांबेन, असंही मी आज लिहून देऊ शकत नाही. कडबनवाडीवरची खूण नकाशावरून काढलेली नाही. इंजिन तिथे बंद पडलंच तर मी तिथेच उतरणार, हे मला माहीत आहे. तात्यांनाही माहीत आहे, म्हणून तर त्यांनी विचारलं.