नागसेन आणि आमची डिलाइट

नायगावच्या बीडीडी चाळीखाली वडिलांनी उभी केलेली 1968ची फियाट 1100 डिलाइट आज माझ्याकडे आहे. कुर्ल्याच्या प्रीमियरची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. मी बेस्टच्या दादर वर्कशॉपात फिटर होतो, म्हणून ती अजून चालते.

यंदा तिचा पूर्ण विमा उतरवायला गेलो. सर्व्हेअरनं बॉनेट उघडून विचारलं, ‘काका, ह्यात ओरिजिनल काय?’ खोटं कशाला बोलू? इंजिन नंतरच्या पद्मिनीचं, दोन दरवाजे चोरबाजारातले, रेडिएटर ऑपेरा हाऊसहून आणलेला, खालचा पत्रा दोनदा बदललेला. ‘मग ही अडुसष्टची कशी?’ म्हणत त्यानं चाळीस हजार लिहिले.

परतताना मिलिंद राजा आठवला. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या कॉलेजाला ज्याचं नाव दिलं, तोच. भदंत नागसेनांनी त्याला विचारलं होतं, रथातून आलास ना? मग चाक म्हणजे रथ का? आस? जू? लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणाला. विहारात ही गोष्ट ऐकून आम्ही माना डोलावतो, ‘रथ नाहीच’ म्हणतो आणि घरी जातो. पण अर्धीच ऐकतो. राजा रथातून आला होता, हे नागसेन कुठे नाकारतात? सगळे भाग एकत्र आले की त्याला रथ म्हणायचं, हा माणसांचा व्यवहार. तो त्यांना मान्य आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची ज्योत पहाटे तीच नसते, वेगळीही नसते, हेही त्यांचंच.

सरकारचा 2021चा नियम मात्र नागसेनांच्या उलट. पन्नास वर्षांपुढची गाडी ‘विंटेज’ ठरायला ती मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी, इंजिन बदललेलं चालत नाही. म्हणजे पत्र्यात आत्मा असतो! आमची तिथे नापास. त्या मानानं विम्याचा तक्ता शहाणा. नवी गाडी सहा महिन्यांत पाच टक्के उतरते, पाचव्या वर्षी निम्म्यावर येते, आणि त्यापुढे तक्ता संपतो. किंमत कंपनी आणि मालक यांनी एकमेकांच्या संमतीनं ठरवायची. नागसेनांना हे कलम आवडलं असतं.

तरी चाळीस हजार मला झोंबले. अनित्यता रविवारी पटते, सोमवारी सर्व्हेअर आला की उपादान, म्हणजे धरून ठेवायची ओढ, जागं होतं. वडिलांच्या तळव्यानं गुळगुळीत झालेली गिअरची मूठ मी त्याला दाखवली. तो म्हणाला, ‘ह्याला कॉलम नाही, काका.’ बरोबर होतं त्याचं. माझी आठवण जळाली तर कंपनीनं का भरावी?

मग बिलं काढली, फोटो काढले, अशा चालू फियाटी हल्ली कितीला जातात ते चार मालकांना विचारलं, आणि पुन्हा जाऊन बसलो. दीड लाखावर दोघांच्या सह्या झाल्या. पॉलिसी वर्षाची आहे. पुढच्या वर्षी पुन्हा ठरवायचं.