या शिकवणीची फी कोण भरतं?

मेळघाटातून किंवा भामरागडहून परतलेल्या मुलामुलींच्या मनोगतात एक वाक्य हमखास येतं: ‘आम्ही शिकवायला गेलो होतो, पण आम्हीच शिकून आलो.’ वाक्य प्रामाणिक असतं, त्यावर टाळ्याही पडतात. पण शिक्षण झालं म्हणजे त्याचा खर्चही कुणीतरी केला असणार. ज्या बाईने निंदणी सोडून सर्वेक्षणाच्या त्याच त्या प्रश्नांना पुन्हा उत्तरं दिली, ज्या गुरुजींनी पाहुण्यांसाठी आठवड्याचं वेळापत्रक गुंडाळून ठेवलं, त्यांनी तो केला. मनोगतात त्यांचे आभार मानले जातात, पण हिशेब कुणी मांडत नाही.

हा हिशेब सर्वांत कठोरपणे मांडला तो विचारवंत इव्हान इलिच यांनी. मेक्सिकोतल्या खेड्यांत सेवेसाठी निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर एप्रिल १९६८ मध्ये ते बोलले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: बघायला या, भटकायला या, अभ्यास करायला या, पण मदत करायला येऊ नका. ज्यांची भाषाही तुम्हाला येत नाही, त्यांचं भलं कशात आहे हे तुम्ही ठरवणं हाच मुळात उद्धटपणा आहे. पुढच्या काळाने त्यांना पुष्कळसं खरं ठरवलं. कंबोडियात परदेशी तरुणांच्या मायेवर आणि पैशावर अनाथालयं वाढत गेली, आणि तिथल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत असं आढळलं. मदत करू पाहणाऱ्यांची गर्दी झाली, तशी मदत घेणारी मुलं घरांतून आणली गेली.

तरीही मला इलिच अर्धेच पटतात, आणि त्याचं कारण मेळघाट आहे.

पुण्याचा मुलगा धारणीला उतरतो तेव्हा त्याच्या लेखी तो महाराष्ट्रातच असतो. जिल्हा अमरावती, एसटी आपली, शाळेच्या भिंतीवरची सुवचनंही मराठीतच. पण घरात बोलली जाणारी कोरकू मुंडा कुळातली आहे. तिचं नातं संथाळी-मुंडारीशी आहे, मराठीशी नाही. परदेशी गेलेल्याला आपण परके आहोत हे विमानतळावरच कळतं. इथे ते कळायलाच चार दिवस जातात, आणि शिबिर बहुधा सात दिवसांचं असतं.

त्यातून शिबिरं भरतात ती महाविद्यालयाच्या सोयीने. दिवाळी उरकली की बरीच कोरकू कुटुंबं कामासाठी मुलाबाळांसह बाहेर पडतात आणि होळीला परततात, कारण होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. म्हणजे हिवाळी शिबिरवाले ज्या गावात पोहोचतात, तिथली निम्मी दारं बंद असण्याची शक्यता असते. कुपोषणाचा खरा काळ पावसाळ्याचा. घरातलं धान्य संपत आलेलं, ओढ्यांनी रस्ते अडवलेले, जुलाब आणि न्यूमोनिया जोरात. त्या वेळी शहरात सत्र नुकतं सुरू झालेलं असतं.

पुण्याच्या ‘मैत्री’ या संस्थेने १९९७ पासून हे उलटं केलं. तिच्या धडक मोहिमेत स्वयंसेवकांच्या तुकड्या पावसाळ्यातच एकामागून एक मेळघाटात जातात. घरोघर फिरायचं, लहान मुलं तपासायची, वजनं करायची, आजारी मूल दिसलं तर दवाखान्यापर्यंत न्यायचं. या कामाला थोर ज्ञान लागत नाही. लागतात ते चालणारे पाय, आणि आदल्या तुकडीने लिहून ठेवलेलं नीट वाचण्याची शिस्त. विशीतल्या मुलांकडे पाय असतात. शिस्त मागावी लागते. इथे मुलगा जे शिकतो त्याच्या बदल्यात निदान काहीतरी देतो, कारण वेळ आणि काम दोन्ही गावाच्या गरजेने ठरलेलं असतं. बाकी ‘समाजप्रबोधनपर पथनाट्य’ वगैरे प्रकार मला गावापेक्षा अहवालासाठीच केलेले वाटतात.

याच्या पुढची पायरी गडचिरोलीत दिसते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू केलं. रुग्णालय कसं हवं हे त्यांनी आदिवासींना विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहता आलं पाहिजे, असं लोकांनी सांगितलं. म्हणून संस्थेच्या शोधग्राम या वसाहतीत झोपड्यांसारखा दवाखाना उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला: ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. बाळं तपासणाऱ्या होत्या त्याच गावांतल्या, थोडंफार शिकलेल्या बायका. बाहेरून आलेल्यांनी त्यांना शिकवलं, नोंदी तपासल्या आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिले. याच संस्थेने २००६ मध्ये तरुणांसाठी ‘निर्माण’ सुरू केलं, तेव्हा तिच्या पाठीशी वीस वर्षांचा मुक्काम होता.

महाविद्यालयांनाही असं काही जमू शकतं. त्यांची राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. दोन वर्षांत विद्यार्थ्याने २४० तास द्यायचे असतात. रोजचे आठ तास धरले तर हे तीस दिवस होतात. आज ते प्रभातफेऱ्या, वृक्षारोपण आणि जनजागृतीत चिल्लर होऊन जातात. दोन्ही वर्षी एकाच गावात, आषाढ-श्रावणात, एकाच संस्थेच्या हाताखाली ते देता येतील. परीक्षांचं वेळापत्रक आड येतं हे खरं, पण ते विद्यापीठाच्याच हातात आहे.

मोठा अडथळा वेगळा आहे. स्विस शांततावादी पिएर सेरेझोल यांनी १९२० मध्ये फ्रान्समध्ये वर्दूँजवळच्या एन या युद्धात उद्ध्वस्त झालेल्या गावी आंतरराष्ट्रीय श्रमशिबिर भरवलं. घरं उभारायला आलेल्यांत जर्मन तरुणही होते. पुढे गावाने जर्मनांची मदत नाकारली आणि शिबिर गुंडाळावं लागलं. ही हकिगत अपयश म्हणून सांगितली जाते. मला त्यात गावाची ताकद दिसते. त्या लोकांना नको म्हणता आलं. महाविद्यालयाचा फलक लावलेली बस, सोबत तहसीलदारांचं पत्र आणि वाटपाच्या वह्या घेऊन आलेल्यांना कोणतं कोरकू किंवा माडिया गाव नको म्हणेल?

म्हणू शकणारं एक गाव आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने. बाहेरून आलेले मोहन हिराबाई हिरालाल तिथे दशकानुदशकं अभ्यासगटात बसले, माहिती पुरवत राहिले आणि ठरवण्याचं काम गावाकडेच ठेवलं. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढ्याचं नाव आहे. पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना मोठे अधिकार दिले आहेत. शिबिराचं पत्र प्राचार्यांकडून तहसीलदारांकडे जाण्याऐवजी आधी तिथे जावं. कधी येणार, किती दिवस राहणार, कुणाच्या घरी जेवणार आणि गेल्या वर्षी लिहून नेलेल्या माहितीचं काय केलं, हे ग्रामसभेने विचारावं आणि उत्तर पटलं नाही तर पत्र परत पाठवावं.