चहाडी की साक्ष?

आजचं वाचन गीता अध्याय १६, श्लोक १ ते ३. दैवी संपत्तीची यादी. दुसऱ्या श्लोकात ‘सत्य’ आहे आणि तिथेच ‘अपैशुन’ पण, म्हणजे चहाडी न करणं. मग दुसऱ्याच्या चुका काढणं हेच ज्याचं काम, त्या ऑडिटरने करायचं काय?

मला फिलिपिन्सच्या हायडी मेंडोझा आठवल्या. सरकारी ऑडिटर. सैन्याच्या पैशांचे व्यवहार त्यांनी तपासले होते. जनरल कार्लोस गार्सियांच्या खटल्यात सरकारी वकिलांनीच तडजोड केली, तेव्हा २०११ मध्ये संसदेच्या सुनावणीत बाई सगळ्यांसमोर बोलल्या. (पुढे २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंतर्गत तपासणी विभागाच्या प्रमुख झाल्या.)

ही चहाडी नाही. चहाडी कानात होते, ज्याची होते त्याला पत्ताही नसतो. आपल्याकडच्या सरकारी ऑडिटमध्ये ‘हाफ मार्जिन मेमो’ असतो: अर्ध्या पानावर आक्षेप, उरलेलं अर्धं पान उत्तरासाठी कोरं. मला ते कोरं अर्धं पान फार आवडतं. ऑफिसच्या चहावर आपण कुणाबद्दल बोलतो तेव्हा असं पान ठेवतो का?

पण खरं सांगू? माझी गोची उलटी आहे. ऑफिसात चुकीचं दिसलं की मी गप्प बसतो आणि मनात म्हणतो, उगाच कशाला कुणाची चहाडी. त्याला अपैशुन म्हणायचं की घाबरटपणा? यादीतला पहिलाच शब्द ‘अभय’ आहे. सत्य त्यानंतर येतं.

उद्या श्लोक ४, आसुरी संपत्ती.